दोन चौथऱ्यांचं दार

चष्म्याच्या दुकानात ती मागच्या खोलीत बसते. पुढे गिऱ्हाईक फ्रेम निवडतं, मागे ती त्या मापाने काच घासते, कडेवरून अंगठा फिरवते आणि जरा खरखर लागली की काच पुन्हा चाकाला लावते.

धाकटा भाऊ नोकरीसाठी दूर गेला, तेव्हापासून दोघांचं फोनवरचं बोलणं आईच्या गोळ्यांवर सुरू होऊन तिथेच संपायचं. मग त्याने एक गेम पाठवला, दोघांनी मिळून खेळायचा. कानाला हेडफोन, पडद्यावर जंगल. तिच्याकडे कंदील, त्याच्याकडे दोर. कंदील जवळ नेला की निळ्या अळंब्या उजळायच्या आणि त्या उजेडात दोर टाकायची फांदी दिसायची. एकाशिवाय दुसऱ्याचं पान हलत नसे.

जंगल ही नुसती सुरुवात होती. त्याच्या टोकाला दगडी दार आणि दारापुढे दोन चौथरे. दोघं एकदम त्यांवर उभी राहिली तरच पुढची वाट मोकळी. तिला असल्या खेळाची सवय नव्हती. ती सारखी ओढ्यात पडायची, आणि मागोमाग तोही.

"मला तरी कुठे काय कळतंय, ताई? दोघंही नवखीच!" तो म्हणायचा.

पोकळ खोडात घुबडाची पिल्लं सापडली तेव्हा तो इतका ओरडला की ती दचकून उठली आणि तिला काय झालं म्हणून आई स्वयंपाकघरातून धावत आली. दर रविवारी दुपारी दोघं भांडायची, हसायची. लग्न का मोडलं हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ते तिने त्याला त्या ओढ्याकाठी सांगितलं.

अखेर दोघं दारापाशी पोचली. तो चौथऱ्यावर चढला. तिने एक पाऊल उचललं.

"दार उघडलं की लगेच डावीकडे सरक हं. वरून दगड येतो."

ती थांबली. "बंद दारापलीकडचा दगड तुला कसा दिसला रे?"

"अगं, आपलं सहज म्हटलं."

"सहज?"

मग तो म्हणाला, "ऑफिसातल्या एकाबरोबर खेळलो होतो. आधी."

"कुठवर?"

"संपवला."

"आणि घुबडाची पिल्लं?"

"तुला मजा यावी म्हणून गं. त्यात काय एवढं?"

तिने एकेक रविवार आठवून पाहिला. कुठेही अंगठा ठेवला तरी आता खरखर लागत होती. तो ओढ्यात पडत नव्हता, उडी मारत होता. काठावरचं तिचं बोलणं तेवढं खरं होतं.

"ये ना ताई. दार उघडायला तू लागतेसच."

"तू केव्हाच पलीकडे पोचलायस. मग इथे कोण उभं आहे?"

तिने कंदील खाली ठेवला, हेडफोन काढला. पडद्यावर तो चौथऱ्यावर उड्या मारून तिला बोलावत होता. दार बंदच होतं. तिने आईच्या गोळ्या काढल्या आणि पाणी आणायला आत गेली.