रोममध्ये भरलेली घागर

माझे जुने विद्यार्थी हे वाचत असतील तर आधी मनसोक्त हसून घ्या. धुळ्याच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना वर्गात उभं करून "पुरावा काय?" असं विचारणारा मास्तर तो मीच. आज तुम्ही मला उभं केलंत तरी माझी तक्रार नाही...

रिटायर झाल्यावर मुलीने आमचं, म्हणजे माझं आणि मंगलचं, युरोप टूरचं बुकिंग करून टाकलं. मी तारखा पाहिल्या त्या मोबाईलवर. शाळा नाही, लग्नसराईतलं कुणाचं आमंत्रण नाही — हो म्हणून मोकळा झालो. निघायला आठ दिवस राहिले तेव्हा मंगल भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभी राहून ओरडली, "अहो, त्या दिवशी आखाजी आहे!"

आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरायची, वर डांगर ठेवायचं (आमच्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात), आणि एखाद्या वडीलधाऱ्याला पितर म्हणून जेवू घालायचं. नानांना, माझ्या वडिलांना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. त्यांची ही पहिलीच आखाजी. मी एकुलता एक मुलगा, आणि त्या दिवशी मी रोममध्ये असणार! खान्देशी माणूस एक वेळ स्वतःचा वाढदिवस विसरेल, पण आखाजी? मला शरमेने मान वर करवेना.

आईला घाबरत घाबरत सांगितलं. ब्याऐंशीची आहे, पण एकदम खमकी. म्हणाली, "तू जाय. पानी काय आपला धुयामाच शे का? तठेच भर तुना बापनी घागर." म्हणजे पाणी फक्त धुळ्यातच थोडंच आहे, बापाची घागर तिथेच भर.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी तेव्हापर्यंत मंगललाही सांगितली नव्हती. नानांचं आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. तोंडाने थेंबभरही पाणी द्यायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. दुपारची वेळ होती, खोलीत आम्ही दोघंच. नाना म्हणाले, "दिनू, तीस लागनी रे. घोटभर पानी दे." तीस म्हणजे तहान. तीनदा म्हणाले. मी म्हटलं, "डॉक्टरांना विचारून येतो," आणि व्हरांड्यात जाऊन नुसता उभा राहिलो. विचारायचं काय? उत्तर माहीत होतं. परत आलो तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. ते पुन्हा बोललेच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी गेले. डॉक्टर बरोबर होते, हे मला विज्ञानाचा मास्तर म्हणून शंभर टक्के पटतं. पण मुलगा म्हणून ते पाणी माझ्या घशात अडकलं होतं. आखाजीला घागर भरून निदान मन तरी शांत होईल, एवढीच माझी आशा होती. पितरं येतात वगैरे यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

मंगलने ओंजळीत मावेल एवढी मातीची घागर मोज्यांमध्ये गुंडाळून नेली, आणि डबाभर सांजोऱ्या, सांजा भरलेल्या गोड पुऱ्या. रोमला पोहोचलो आणि मी खूशच झालो! त्या गावात रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, त्यांतून थंडगार पाणी दिवसभर वाहत असतं. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. मंगलचा जीव नुसता कासावीस होत होता, "अहो, कुणी बंद का करत नाही?"

आखाजीच्या दिवशी बारा वाजता टूर मॅनेजरने अर्धा तास मोकळा दिला. एका जुन्या रोमन देवळामागे लहानसा चौक होता. पिवळ्या भिंती, खिडक्यांत फुलं, कोपऱ्यात तसाच एक नळ. भरदुपारचं ऊनही धुळ्याच्या मानाने छान कोवळं होतं. आम्ही पायरीवर घागर ठेवली, भरली, कुंकू लावलं. सकाळी दुकानातून घेतलेलं डांगर घागरीपेक्षा मोठं निघालं, वर काही राहीना. शेवटी शेजारी ठेवलं. दोघांनाही हसू आलं. मी नानांचं नाव घेऊन हात जोडले. मंगलने कागदी ताटलीत चार सांजोऱ्या मांडल्या आणि म्हणाली, "आता पितर कुठून आणायचा इथे?"

समोरच्या बाकावर राखाडी टोपीतला एक म्हातारा बसला होता. तिथलाच असावा. तो उठला, सरळ आमच्याकडे आला, आणि ताटलीसमोर जमिनीवर मांडी घालून बसला. कुणी बोलावलं नव्हतं! त्याने चारही सांजोऱ्या सावकाश खाल्ल्या. मग माझ्याकडे पाहून दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

मी घागर उचलून ओंजळीत धार धरली. तो प्यायला. घागर संपली. पुन्हा भरली, पुन्हा संपली. अशा तीन घागरी. मग त्याने ताटलीत थोडं पाणी घेतलं, बोटाने फिरवलं, आणि ते चुऱ्यासकट पिऊन टाकलं. उठला, माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला आणि कोपऱ्यावरून वळून निघून गेला.

"नाना असेच ताट धुऊन प्यायचे," मंगल हळूच म्हणाली. मी म्हटलं, "भुकेला असेल गं बिचारा." पण मला फार बरं वाटत होतं, ते खोटं कशाला सांगू? हलकं हलकं वाटत होतं. वाटेत मी चक्क आईस्क्रीम मागितलं.

आम्ही ते खात बसकडे चाललो होतो, तेवढ्यात आईचा फोन. धुळ्यात तेव्हा चार वाजले असतील. मी अजून तिला काही कळवलेलंच नव्हतं. आई म्हणाली, "दिनू, आत्ते जराखा डोया लागना. सपनमा नाना उनात. मी म्हनं, जेवाले बसा. तर म्हने, दिनूकडे जेवीसन उनू. त्येले सांगजो, पानी बी पोटभर पिधं, आते तीस ऱ्हायनी नही."

नाना माझ्याकडे जेवून आले, पोटभर पाणी पिऊन आले! मी रस्त्यातच थांबलो.

"पन हाई पानीनं काय शे रे, दिनू? आपला घरमा पानीले कोनी कधी नही म्हनं का?"

एकसष्ट वर्षांचा माणूस, हातात आईस्क्रीम वितळतंय, आणि मी ढसाढसा रडतोय... टूरमधले जळगावचे काका घाबरून धावत आले.

आईच्या मनात घागरीचा विषय होता म्हणून स्वप्न पडलं — हे मी स्वतःला शंभरदा समजावलंय. म्हातारा भुकेला होता, हेही. पण नानांनी पाणी मागितल्याचं फक्त मला आणि नानांना माहीत होतं, आणि त्यातला मी तर कुणाला बोललोच नव्हतो. याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा.

परत आल्यावर मी हिंमत करून आईला हॉस्पिटलमधलं सगळं, तिच्या भाषेत बठ्ठं, सांगितलं. ती रागवेल असं वाटलं होतं. तिने पदराने डोळे पुसले, आणि माझा हात धरून म्हणाली, "पिधं ना पन तेस्नी? तुना हातवरनं पिधं ना? मंग बठ्ठं व्हयनं, बेटा."