चर्चमध्ये आलेला ताणा

रविवार जवळ आला की त्या काळात मला नको वाटायचं. देवाच्या घरी जायच्या दिवसाची अशी धास्ती वाटावी, हे बरं नव्हे. पण वाटायची, हे खरं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन उन्हाळे झाले होते. आमची सोलापुरातली लहानशी मंडळी कित्येक वर्षं कुणाच्या ना कुणाच्या घरी उपासनेला जमायची. शेवटी पूर्वभागात मागांचा एक बंद पडलेला कारखाना मिळाला. माग कधीच निघून गेले होते. उरली होती पत्र्याखालची लांबलचक मोकळी जागा. आम्ही भिंतींना चुना लावला, सतरंज्या अंथरल्या, पुढे साधा लाकडी क्रूस उभा केला. किल्ली माझ्याकडे असायची, कारण झाडलोट मी करायची आणि दुसऱ्याची झाडलोट मला पसंत पडायची नाही.

अडचण गल्लीची होती. समोरचे नरसय्याअण्णा आणि त्यांचे भाऊबंद विणकर. रविवारी सकाळी ते गल्लीतच ताणा पसरायचे, म्हणजे मागावर चढवायचं सूत लांबच्या लांब ताणून त्याला खळ लावायचे. वाडवडिलांपासूनची त्यांची रीत ती. नेमक्या त्याच वेळी आमच्या सायकली आणि टांगे तिथे येऊन थडकायचे. एकदा टांग्याच्या चाकात सूत गुंतलं, आणि तेव्हापासून अण्णांनी आमच्याशी बोलणंच सोडलं. महापालिकेत तक्रार गेली. तिथल्या साहेबांनी आमच्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, बोलावून सांगितलं, की हा भाग कारखान्यांचा, इथे प्रार्थनेच्या जागेला वेगळी परवानगी लागते. माणसं आली की वाहनं येणार, ती उभी कुठे करणार? उद्या आग लागली तर बंब आत कसा शिरणार? येत्या रविवारी स्वतः येऊन बघतो, म्हणाले, गल्ली अडलेली दिसली तर कुलूप लावावं लागेल. त्यांचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला.

पाळक म्हणाले, प्रार्थना करा. मी केली, पण माझ्या स्वभावाला धरून. म्हटलं, प्रभू, निदान या रविवारी तरी ते सूत रस्त्यात दिसू देऊ नकोस.

रविवारी येऊन पाहते तर ताणा नेहमीसारखा पसरलेला. सायकली भिंतीला लागत गेल्या, टांगे तोंडाशी अडकून पडले, आणि आम्ही आत जाऊन गाऊ लागलो. पहिलं गीत संपत आलं तसे पत्रे थडथडू लागले. बाहेर आभाळ पिवळं झालं होतं आणि गल्लीच्या टोकाकडून धुळीचे लोट येत होते. ओल्या खळीवर धूळ बसली की सूत वाया गेलं, इतकं सोलापुरात कुणालाही कळतं. अण्णा वहाणा काढून उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"बाई, सूत आत घेऊ का? तुमची पूजा चाललीय, पर एवढी लांब जागा दुसरीकडं कुटं न्हाय."

मी पाळकांकडे पाहिलं. ते आधीच सतरंज्या गुंडाळायला वाकले होते. मग कुणी कुणाला काही सांगितलं नाही, सगळे बाहेर धावले. सायकलींमुळे ताणा वळेना. तेवढ्यात शेजारच्या ट्रक-अड्ड्याचे चाचा, ज्यांचं नावही आम्हाला ठाऊक नव्हतं, त्यांनी आपलं फाटक सताड उघडलं. "सब इधर रखो, जगा खालीच है," म्हणाले. सायकली, टांगे, सगळं त्यांच्या आवारात गेलं. ताण्याचं एक टोक अण्णांच्या बायकोनं आणि मी धरलं. माझ्या ठेवणीतल्या साडीची खळीनं पार दशा झाली.

साहेब रुमालानं तोंड झाकून आले तेव्हा गल्ली रिकामी होती. आत क्रूसापासून दारापर्यंत सूत ताणलेलं आणि दोन्ही बाजूंना आम्ही आणि विणकर, सूत उचलून धरून उभे. पाळकांनी थांबलेली प्रार्थना पुढे सुरू केली होती. हात जोडायला कुणाचेच मोकळे नव्हते. साहेब ती संपेपर्यंत दारातच थांबले. मग त्यांनी अण्णांना विचारलं, तक्रार तुमचीच ना?

"व्हय साहेब. रस्त्याची होती," अण्णा म्हणाले. "आता रस्ता मोकळा हाय की."

पुढे परवानगी मिळाली. वाहनं चाचांच्या आवारात लावायची आणि ताणा वाळल्यावर उपासना सुरू करायची, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. त्या वाऱ्याला कुणी चमत्कार म्हणावं, कुणी चैत्रातला वारा म्हणावं, मी वाद घालत नाही. इतकंच सांगते, की तेव्हापासून देवाला काय कर आणि कसं कर हे सांगायचं मी सोडलं. सूत रस्त्यातून काढ, एवढंच मी मागितलं होतं. त्यानं ते काढलं, आणि काढताना त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.