वहिनींची झोप

आमच्या वहिनी कुठंही झोपू शकत. एसटीत उभ्या असल्या तरी दांडीला टेकून त्यांचा डोळा लागे आणि कापूरहोळचा फाटा आला की कुणी न उठवता त्या जाग्या होत. दुपारी भांडी घासून ओसरीवर आडव्या झाल्या की शेजारी मळणीयंत्र चालू असलं तरी त्यांना पत्ता नसे. आई चिडायची, "हिला जिवाला घोरच न्हाई कसला." वहिनी हसून म्हणायच्या, "त्यात काय मोठं? झोपायला शिकावं लागतंय व्हय?"

"त्यात काय मोठं" हे त्यांचं पालुपद होतं. वेल्ह्याच्या डोंगरातून त्या आमच्या कामथडीत नांदायला आल्या तेव्हा मी दहावीत होतो. मूल झालं नाही, त्यावरून आईनं पुष्कळ वर्षं ऐकवलं, तेही त्यांनी याच तीन शब्दांवर निभावलं. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक झालो, भोरच्या शाळेत लागलो, गावातच शेजारी वेगळं घर बांधलं. पण माझ्या मुलांना न्हाऊमाखू घालायला वहिनीच यायच्या.

दादांची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा ते शेहेचाळीस वर्षांचे होते. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी पुण्याला न्यावं लागे. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणी एक मूत्रपिंड दिलं तर माणूस उभा राहील. आईचं वय सत्तर, त्यात साखर. राहिलो वहिनी आणि मी. घरात चर्चा अशी झालीच नाही. त्या संध्याकाळी चुलीपुढं बसलेल्या वहिनींना आई एवढंच म्हणाली, "तुझं कुंकू हाय, तूच बघ." वहिनींनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "त्यात काय मोठं. दोन हायती." मी तिथंच पाटावर बसलो होतो. आई माझ्याकडं बघत नव्हती, आणि मीही तिच्याकडं बघितलं नाही.

वहिनींचं रक्त जुळलं. अडचण निघाली वजनाची. एक्याऐंशी किलो. डॉक्टर म्हणाले, चौदा-पंधरा किलो उतरवा, मग पुढच्या तपासण्या करू. मी लगेच म्हणालो, "वहिनींना मी तयार करतो." सगळ्यांना बरं वाटलं. दादांनी पलंगावरून माझा हात धरला. मला काहीतरी करायला मिळालं होतं, आणि ते करत असताना दुसरं काही कुणी मागणार नव्हतं.

मी तक्ता करून दिला. पहाटे पाच वाजता एक तास चालणं, संध्याकाळी सूर्यनमस्कार आणि दोरीवरच्या उड्या. साखर बंद, भात बंद, अर्धी भाकरी, उकडलेले मूग, काकडी. पहिल्या दिवशी त्यांनी नऊवारीचा पदर खोचला आणि म्हणाल्या, "आमी डोंगर चढून मोठ्या झालो भावजी, चालायला कुणी शिकवलं न्हवतं. पण तुमी सर, तुमी म्हणाल तसं." मी तासभर सांगितलं की त्या दीड तास चालायच्या. अर्धी भाकरी सांगितली तर चतकोर खायच्या. पहिल्या तीन आठवड्यांत पाच किलो उतरले आणि मी शाळेत सहकाऱ्यांना कौतुकानं सांगत फिरलो.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी बांधावरून चालताना त्या म्हणाल्या, "भावजी, आंग दमतंय पण डोळा लागंना. काल दोन तास झोपले आसंन."

मी मोबाईलवर वाचलं. संध्याकाळचा व्यायाम दुपारवर आणला, चहा तोडला, जेवणात भाकरीचा तुकडा वाढवला. तळपायाला तेल चोळायला सांगितलं. चार दिवसांनी विचारलं तर म्हणाल्या, "दोनच तास. आढ्याचे वासे मोजून झालेत सगळे." गाल आत गेले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. गावातल्या बायका म्हणायच्या, बारीक झालीस, छान दिसतीस. मी म्हणालो, "शरीराला सवय होतेय, वहिनी. थोडे दिवस."

दुसऱ्या महिन्यात त्यांनी सरळ विचारलं, "झोप लागत न्हाई हे डॉक्टरला सांगू का?"

"नको," मी म्हणालो. "ते म्हणतील हिला ताण आहे, हिची तयारी नाही. नाव खोडतील. मग दादांचं काय?"

दादांचं काय, हे मी म्हणालो. मनात होतं ते वेगळं. यांचं नाव खोडलं गेलं तर पुढचं नाव कुणाचं, हे मला पक्कं माहीत होतं.

त्यांनी सुटलेला पदर पुन्हा खोचला. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "भावजी, तुमचं रक्त कोणतं?"

"ए," मी म्हणालो. "दादांना चालत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या.

घरी येऊन बूट काढताना माझी नजर बैठकीच्या भिंतीवर गेली. शाळेतल्या शिबिरात दहा वेळा रक्तदान केलं म्हणून मिळालेलं प्रमाणपत्र तिथं चौकटीत लावलेलं आहे. नावाखाली ठळक अक्षरांत रक्तगट लिहिलाय, ओ. तो कुणालाही चालतो. दर दिवाळीला ती चौकट वहिनी पुसायच्या. सातवीपर्यंत शाळा झाली होती त्यांची, वाचता चांगलं यायचं. मी प्रमाणपत्र काढलं नाही. काढलं असतं तर ते जास्तच दिसलं असतं.

त्यानंतर त्यांनी मला काही विचारलं नाही. चालायला रोज यायच्या, माझ्या पुढं चार पावलं. झोपेचं मीच विचारायचो, त्या म्हणायच्या, "हाय की." साडेतीन महिन्यांत वजन सहासष्टवर आलं. दादांनी पलंगावर बसून माझी पाठ थोपटली.

पुण्याला तपासण्या झाल्या. शेवटी वहिनींच्या दंडाला एक यंत्र बांधलं, चोवीस तास रक्तदाब मोजणारं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागद पाहिला आणि मान हलवली. दाब फार वाढलेला होता, रात्रीही उतरत नव्हता.

"झोप किती लागते?"

वहिनींनी एकदा माझ्याकडं पाहिलं. "दोन-तीन तास."

"कधीपासून?"

"तीन महिनं झालं."

"आधी का नाही सांगितलं? अंगाला असं उपाशी ठेवून, दमवून, वर झोप नाही. त्याच वेळी सांगायचं. आता अशा दाबावर तुमचं मूत्रपिंड आम्हाला घेता येणार नाही."

"मला वाटलं सवय व्हईल," वहिनी म्हणाल्या.

वाक्य माझं होतं. त्यांनी ते स्वतःच्या नावावर घेतलं. डॉक्टरांनी मग विचारलं, "घरात आणखी कोणी आहे?" मी म्हणालो, "घरी बोलून सांगतो." घरी मी बायकोशी बोललो. ती म्हणाली, "आपली दोन पोरं लहान आहेत." मला तेवढं पुरलं. आईनंही मला कधी विचारलं नाही. दोन लेकांत ती काय हिशेब करत होती ते तिलाच ठाऊक. डॉक्टरांना मी काही सांगायला गेलोच नाही.

दादा आठ महिन्यांनी गेले. तेराव्याला भावकीच्या बायका जमल्या होत्या. आई सगळ्यांदेखत म्हणाली, "जागी राहिली मुद्दाम. द्यायचंच न्हवतं हिला." वहिनी परातीत कणीक मळत होत्या. त्यांचे हात थांबले. त्यांनी मान वर केली नाही, कुणाचं नावही घेतलं नाही. मी दारात पत्रावळ्या मोजत उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला. मी पत्रावळ्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

महिन्याभरात त्यांचा भाऊ टेम्पो घेऊन आला आणि वहिनी वेल्ह्याकडच्या आपल्या गावी निघून गेल्या. तिथं अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागल्याचं कळलं.

यंदा तालुक्याच्या क्रीडास्पर्धांना पंच म्हणून वेल्ह्याला गेलो, तेव्हा धीर करून त्यांच्या घरी गेलो. वहिनी परत अंगानं भरल्या होत्या, केस मात्र पांढरे झाले होते. त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला. मी म्हणालो, "वहिनी, त्या वेळी मी..." त्या चहा गाळत राहिल्या.

शेजारची एक बाई दारातून डोकावली. "कोण पावणं आलं म्हणायचं?"

"भोरच्या शाळेतलं सर हायती," वहिनी म्हणाल्या. "स्पर्धांना आलेत हिकडं."

मी चहा प्यायलो. कप ठेवून उठलो आणि म्हणालो, "येतो, वहिनी."

त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. पदर सावरून, पाहुण्याला निरोप देतात तशा म्हणाल्या, "या, सर. सावकाश जावा. घाटात वळणं लई हायती."