डाखाची घट

माझ्या मायच्या गळ्यातल्या माळेत वीस रुपये होते, सगळे चांदीचे, राणीछाप. प्रत्येकाच्या डोक्यावर एक बारीक कडी डाख देऊन जोडलेली आणि कड्यांतून काळा गोफ ओवलेला. ती माळ विकायला आम्ही दोघी गोंडपिपरीकडून मोटारीनं चांद्याला आलो, कारण मला मास्तरीण व्हायचं होतं. ट्रेनिंगला माझं नाव लागलं होतं. फी आणि वसतिगृह मिळून तेहतीस रुपये त्याच दिवशी चारच्या आत भरायचे, नाहीतर जागा दुसरीला.

आमच्या गावात सातवी झालेली मुलगी मी एकटी. त्याचा मला काय माज होता म्हणून सांगू! सराफाच्या दुकानात माय उकिडवी बसून मोठमोठ्यानं बोलायला लागली, तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं गप्प बसावं, एवढंच मला वाटत होतं.

सराफानं माळ तोलली. नाणी झिजलेली, म्हणून गोफ काढून कड्यांसकट वीस तोळेच भरली. भाव तोळ्याला रुपया बारा आणे, म्हणजे पस्तीस रुपये. मनातल्या मनात मी फी भरूनसुद्धा आले. मग तो म्हणाला, कड्या आणि डाख काही चांदी नाही, नाण्यामागे दोन मासे घट धरावी लागेल. माय म्हणाली, एवढी कायची घट, चल, दुसऱ्या दुकानात जाऊ. त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, आपण शिकलेल्या दिसता. आपणच हिशोब करून आईला समजावा."

आपण! जन्मात मला कोणी आपण म्हटलं नव्हतं. आमच्याकडे बापालाही तूच म्हणतात. मी अशी फुगले, की मायला हातानंच गप्प केलं आणि तोंडी हिशोब मांडला. वीस नाण्यांचे चाळीस मासे, बारा माशांचा तोळा, घट तीन तोळे चार मासे. हातात एकोणतीस रुपये दोन आणे आठ पै. तो म्हणाला, अगदी बरोबर. हिशोब बरोबरच होता हो, पण घटच खरी आहे का, हे या दीडशहाणीला विचारायचं सुचलं नाही. कमी पडलेल्या चार रुपयांचंही मी ठरवून टाकलं, फी घेणारा बाबू थांबेल, शिकलेल्या माणसांत तेवढं चालतं. पैसे मीच मोजून घेतले.

माय उठता उठता म्हणाली, "चांदी नाई म्हंता न भाऊ, त कड्या मले देऊन द्या." आता त्याला नाही म्हणता येईना. हसत हसत त्यानं कातरीनं डाखासकट कड्या कापल्या आणि तिच्या पदरात टाकल्या.

ट्रेनिंगच्या बाबूनं पैसे मोजले आणि परत माझ्याकडे सरकवले. पुरे आणा म्हणाला. परतीच्या मोटारीच्या भाड्याशिवाय मायजवळ काही नव्हतं आणि चांद्यात आमच्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. बाहेरच्या पायरीवर मायनं त्या कड्या माझ्या तळहातावर ठेवल्या. वीसच्या वीस मिळून एका रुपयाएवढ्याही जड लागेनात. आणि मी त्यांचे तीन तोळे चार मासे कापून दिले होते.

मी धावत सराफाकडे गेले. तो गादीवरून हललासुद्धा नाही. "सौदा झाला. पैसे तूच मोजून घेतले. चल, नीघ." तासाभरात मी आपणची तू झाले होते. परत ट्रेनिंगला पोचले तेव्हा चार वाजून गेले होते आणि माझ्या जागेवर दुसरीचं नाव लिहून झालं होतं. पुढच्या वर्षी जाऊ म्हटलं, पण पुढच्या वर्षी माझं लग्न लावून दिलं. जन्म धानाच्या रोवणीत आणि चुलीपुढे गेला. माझ्या हाती खडू कधी आलाच नाही. अजून कोणी गोड आवाजात आपण म्हटलं, की माझं डोकं फिरतं.

मला मायचाही राग होता. पुष्कळ वर्षांनी एकदा तिला विचारलंच, तुले समजत होतं, त मले काऊन नाई अडवलं? ती तांदूळ निवडत होती, तशीच निवडत राहिली.

"अडवणारच होती. पण त्यानं तुले आपण म्हटलं अन् तुयं तोंड असं फुललं का बाप्पा! मले लय बरं वाटलं. मनलं, माळ गेली त गेली."