काकूंनी खोडलेलं स्वयंपाकघर

काकूंना निवांत बसलेलं मी पाहिलंच नाही. एडिनबराला मी त्यांच्या घरी भाड्याने राहायचे, तेव्हा चहासुद्धा त्या खिडकी ते दार अशा फेऱ्या मारत प्यायच्या. "अहो काकू, टेका की जरा!" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "टेकले की डोकं बंद पडतं गं." पायाला भिंगरीच बांधलेली.

युनिव्हर्सिटीत आर्किटेक्चर शिकवून रिटायर झालेल्या बाई, आणि जीव अडकला कुठे? तर कोरियाच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात! कोरियावर जपानची सत्ता असताना जपानी कोळ्यांनी येऊन वसवलेला. काकू सांगायला लागल्या की गॅसवरचं दूध हमखास उतू जायचं. आधी समुद्राला चिकटून लाकडी घरांची एकच रांग, मागच्या दारी होड्या. मग भराव घालून समुद्र मागे सारला, भरावावर नवा रस्ता आला आणि मागचं दार पुढचं झालं. पुढे जपानी गेले, कोरियन कुटुंबं राहायला आली. त्यांनी गवती चटया काढल्या, खालून ऊब देणाऱ्या जमिनी केल्या, गल्लीच्या बाजूला स्वयंपाकघरं वाढवली.

"घर राहणाऱ्याच्या कलानं वाढतं गं," काकू म्हणायच्या. पण हे शहाणपण उशिरा सुचलेलं. तरुणपणी त्यांनी ती अख्खी गल्ली मोजली होती. तिथल्याच एका समवयस्क बाईकडे राहिल्या, दोन्ही वेळा तिच्या हातचं जेवल्या. नकाशा मात्र काढला तो 'मूळ' जपानी घरांचा. नंतरची बांधकामं सगळी गाळली, त्या बाईचं स्वयंपाकघरही. तेव्हा वाहवा झाली.

आता टूरिस्टांसाठी गल्ली पुन्हा मूळ रूपात आणायचं तिथे ठरलं, आणि त्यासाठी नकाशा घेतला तो काकूंचाच. तसं कळवणारा ईमेल वाचून काकू पांढऱ्याफटक पडल्या. "जिचं अन्न खाल्लं, तिचीच चूल खोडली मी!"

मग आमच्या घरात झोप कसली! नवे नकाशे, ईमेलवर ईमेल. तिकडून उत्तर नाही. शेवटी त्यांनी बॅग भरली. मिल्टन कीन्सहून मुलगा फोनवर ओरडला, "आई, आर यू सीरियस? गुडघा बघ तुझा आधी!"

"गुडघा माझा आहे, मी बघेन," म्हणून त्यांनी फोन ठेवला. एअरपोर्टच्या ट्रॅममध्ये मी सोबत होते. काकू सारख्या घड्याळ बघत होत्या, जशी काही त्याने ट्रॅम पळणार होती.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. स्वयंपाकघर पाडून झालं होतं. त्याच जागी ताडपत्री बांधून ती बाई स्टोव्हवर स्वयंपाक करत होती.

"नकाशा माझा, हे तिला ठाऊक होतं गं," काकू म्हणाल्या. "तरी पहिली वाटी माझ्यापुढे ठेवलीन. कोणत्या तोंडाने जेवू मी?"

मागून ती बाई काहीतरी बोलली.

"काय म्हणतायत त्या?" मी विचारलं.

"गार होतंय म्हणते," काकू म्हणाल्या, आणि त्यांना रडू आवरेना.