दोन वाक्यांतला भोवरा

वसुधा राणे हिने न्यायालयात दुभाषी म्हणून एकच नियम पाळला होता: साक्षीदाराचे बोलणे जसेच्या तसे इंग्रजीत उतरवायचे, पदरचे काही घालायचे नाही. गिरणीकामगाराच्या घरातून इथवर आलेल्या बाईला त्या नियमाचाच आधार होता.

त्या दिवशी आरोपीच्या पिंजऱ्यात शिवदास कोळी उभा होता. खाडीवरच्या नव्या पुलाच्या खांबांपाशी त्याची होडी उलटली आणि एक मजूर बुडाला. आरोप हलगर्जीपणाचा. काठावरून ते पाहणारी एकटी त्याची आई, कृष्णाबाई.

"खांब रोवले तवापासून तिथं रोज भोवरा असतो," ती म्हणाली. "त्या दिवशी उधाणाची ओहोटी व्हती, पाण्याला लई ओढ. भोवऱ्यानं होडी धरली."

वसुधाने मनात इंग्रजी शब्द चाळले; भोवऱ्याला चार होते. वॉर्टेक्स हा शास्त्रज्ञांचा शब्द, मेलस्ट्रॉम जहाजे गिळणाऱ्या समुद्राचा. उरले दोन. अडथळ्यामागे नुसते वळत राहते ती एडी. तळाकडे ओढते ते व्हर्लपूल. म्हातारीच्या पहिल्या वाक्यात एडी होती, दुसऱ्यात व्हर्लपूल. वसुधाने तसेच सांगितले.

सरकारी वकील उठले. "साक्षीदाराने एकच शब्द दोनदा उच्चारला, साहेब. बाईंनी त्याचे दोन केले. आता भाषांतरात वकिलीही मिळते वाटतं?"

कोणीतरी हसले. न्यायाधीशांना मराठी येत नव्हती. त्यांनी वसुधाला विचारले, "शब्द एकच होता?"

"होय. पण पाणी..."

"साक्ष तुम्ही देत नाही. एकच शब्द सांगा."

एडी म्हटले, तर तेवढ्याशा पाण्यात होडी उलटवणारा नावाडी शुद्धीत नव्हता असे ठरणार. व्हर्लपूल म्हटले, तर रोज समोर दिसणाऱ्या मरणात त्याने माणसे नेली असे. मजूर तर बुडाला होता. ते एडीने होत नाही. तिने व्हर्लपूल म्हटले.

"म्हणजे ते रोज तिथे असते हे आरोपीला ठाऊक होते," वकील म्हणाले आणि खाली बसले.

बचावाच्या वकिलाने फेरतपासणी केली नाही. पाण्याला वळण लावणाऱ्या खांबांविषयी कोणी काही विचारले नाही. शिवदासला शिक्षा झाली.

निकालाच्या दिवशी कृष्णाबाईने वसुधाला जिन्यात गाठले. "बाय, मी बरोबर सांगितलं ना गं?"

"बरोबर सांगितलंत, मावशी."

"आन् तू?"

वसुधाने तिचा हात धरून तिला पायऱ्या उतरवून दिल्या. मग ती वर गेली. पुढची साक्ष सुरू व्हायची होती.