दोघींचा एक आकडा

टेलरबाई आणि हेडबाई जुळ्या बहिणी. चेहरा एक, आवाज एक, शिंकायची पद्धतसुद्धा एक. पण एकीनं पन्नाशी ओलांडेपर्यंत लोकांच्या बाह्या आणि गळे बेतले, आणि दुसरी मोठ्या शाळेची मुख्याध्यापिका झाली. याचं कारण घरात सगळ्यांना पाठ होतं. मूल नसलेल्या मावशीनं दोन महिन्यांच्या दोघींमधून एक दत्तक घेतली, तेव्हा तिनं बरोबर हुशार पोर उचलली. मावशीचे यजमान प्राध्यापक, घरात भिंतभर पुस्तकं. टेलरबाई मागं राहिली ती वडिलांच्या शिलाईच्या दुकानात. सातवीत शाळा सुटली, कारण हिच्या डोक्यात काही शिरत नाही असं एकदा ठरलं होतं, आणि ठरलेलं पुन्हा तपासायची त्या घरात पद्धत नव्हती.

टेलरबाईलाही ते मान्य होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं ती स्वतःच हसून म्हणे. दोन्ही पोहरे एकाच आडातून भरले होते, हे तिच्या कधी लक्षात आलं नाही.

बावन्नाव्या वर्षी एक संशोधक बाई दोघींना शोधत आल्या. वेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांची बुद्धी त्या मोजत होत्या. रक्ताचा वाटा किती, घराचा किती, हे त्यांना बघायचं होतं. हेडबाई लगेच तयार झाली. बहिणीला वाईट वाटू नये म्हणून तिनं तिची आधीच समजूतही घातली.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: हीच मुलगी का दिली? तो विचारायला संशोधक बाई म्हाताऱ्या आईकडे गेल्या. टेलरबाई शेजारीच शर्टाची काजं करत बसली होती. आईनं सरळ सांगून टाकलं की निवडलं वगैरे कुणी नव्हतं. मावशीला गाडी गाठायची होती आणि त्या वेळी एकीचंच दुपटं कोरडं होतं.

"ओली पोर कशी देणार प्रवासाला?" आई म्हणाली.

टेलरबाईचा दोरा तुटला. तो तिनं पुन्हा ओवला.

चाचणीत ठोकळे मांडून नक्षी जुळवायची होती. चौकड्याच्या कापडाची शिवण जुळवण्यात जन्म गेलेल्या टेलरबाईला तो डाव्या हाताचा मळ वाटला. शब्दांचे अर्थ सांगताना मात्र ती अडली. हेडबाई शब्दांत सुसाट आणि ठोकळ्यांपुढे घामाघूम.

महिन्यानं निकाल आला. एकूण आकड्यात दोघींमध्ये एका गुणाचा फरक, आणि तो टेलरबाईच्या बाजूनं. एक गुण म्हणजे फरकच नाही आणि दोन माणसांवरून काही सिद्धही होत नाही, असं संशोधक बाईंनी परोपरीनं सांगितलं. ऐकतो कोण? मावशीकडचे म्हणाले, शेवटी रक्त बोलतंच. वडिलांकडचे म्हणाले, दुकानानं पोर घडवली. हेडबाईनं फेरतपासणी मागितली, जी ती पालकांना उभ्या जन्मात देत नसे.

खरी पंचाईत टेलरबाईच्या नवऱ्यानं केली. तीस वर्षं तो बायकोच्या हातात बँकेचा कागद देत नव्हता. आता दूध उतू गेलं तरी म्हणू लागला, "एवढी हुशार, आणि एवढं कळू नये?" बावळटपणात केवढी मोकळीक होती, ते टेलरबाईला तेव्हा उमगलं. आनंद व्हायच्या ऐवजी तिला राग येत होता, आणि रागवायला कुणी सापडत नव्हतं. दुपट्यावर कसं रागवणार?

एका दुपारी हेडबाई दुकानात आली. सहज एक बाही बेतून बघते म्हणाली. पट्टी लावून, खडूनं आखून तिनं मोठ्या काळजीनं दोन बाह्या कापल्या. दोन्ही उजव्या हाताच्या.

"मला का जमलं नाही गं?"

"पस्तीस वर्षं कर, जमेल," टेलरबाई म्हणाली. तिनं हसू आवरलं होतं.

हेडबाईनं दोन्ही बाह्या एकावर एक ठेवल्या. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी तुला दिलं असतं तर?"

"तर तू बरी टेलर झाली असतीस."

एवढं बोलून टेलरबाईनं मशीनच्या खणातून एक कागद काढला. चाचणीत न आलेले नऊ शब्द तिनं आठवून त्यावर लिहून ठेवले होते. "यांचे अर्थ सांग," ती म्हणाली. हेडबाईनं चष्मा लावला आणि एकेक सांगत गेली. दोन तिलाही सांगता आले नाहीत.